चीनच्या खेड्यांतली कुळाकुळांची वैरं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण चीनचा इतिहास वाचायला घेतला की या मारामाऱ्या कुठे ना कुठे समोर येतातच. मग तेच प्रश्न परत परत येतात आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं, की अडाणी शेतकरी होते, डोकं गरम होतं, भांडत बसले. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. या भांडणांच्या मागे हिशोबाच्या वह्या होत्या, जमिनी होत्या, ठराव होते, आणि मरणारा माणूस बहुतेक वेळा तो असायचा ज्याच्या वाट्याला त्या जमिनीतलं फार काही येत नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कूळ म्हणजे नक्की काय? आपल्याकडच्या कुळकायद्यातलं कूळ का?

नाही नाही, ते जमीन कसणारं कूळ नव्हे. इथे कूळ म्हणजे एका मूळ पुरुषापासून आलेली, एकच आडनाव लावणारी सगळी घराणी, चिनीत झोंगझू म्हणतात. आपल्या भावकीसारखं, पण फार मोठ्या आकाराची भावकी समजा, कधी अख्खं गाव एकाच आडनावाचं, कधी आजूबाजूची दहा-वीस गावं. त्यांचं पूर्वजांचं सभागृह असतं, त्यात मेलेल्या पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्या ओळीने मांडलेल्या, वंशावळीची पोथी असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्वजांच्या नावाने ठेवलेली सामाईक जमीन असते. एका आडनावात लग्न होत नाही, त्यामुळे सुना बाहेरूनच येतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग ही भाऊबंदकीच झाली की?

भाऊबंदकी म्हणजे घरातल्या घरात, चुलत्या-पुतण्यांत बांधावरून. तीही होतीच, एकाच आडनावाच्या दोन शाखा एकमेकांच्या जिवावर उठल्याची उदाहरणं आहेत. पण इथे आपण बोलतोय ते एक अख्खं कूळ दुसऱ्या अख्ख्या कुळाविरुद्ध, हत्यारं घेऊन, ठरवून. त्याला चिनी शब्द शियेदौ. शिये म्हणजे हत्यार, दौ म्हणजे लढणं. छिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या, सरकारी कागदांत हा शब्द नेहमी येतो.

सगळ्या चीनमध्ये असं चालायचं का?

नाही. मुख्यतः ग्वांगडोंग आणि फुजियान हे दक्षिणेचे प्रांत, शिवाय जियांग्शी आणि ग्वांग्शीचे काही भाग, आणि फुजियान-ग्वांगडोंगमधून लोक तैवानला गेले तेव्हा तैवान. उत्तरेत कुळांकडे एवढी सामाईक जमीन नव्हती. दक्षिणेत भातशेती, पाण्याच्या पाटांची सामाईक कामं, नदीच्या मुखाशी समुद्र मागे हटवून काढलेली नवी जमीन, व्यापाराचा पैसा आणि वर राजधानी हजारो मैल लांब, असं सगळं एकत्र जुळून आलं.

भांडण सुरू कशावरून व्हायचं?

कारणं ऐकली की आपल्याला अगदी ओळखीची वाटतात. पाण्याची पाळी कोणाची, वरच्या गावाने पाट अडवला, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली, नदीच्या गाळाने नवीन जमीन तयार झाली ती कोणाची. कबरींवरून तर खूप व्हायचं, कारण फेंगशुईप्रमाणे पूर्वजाची कबर योग्य जागी असली की वंशजांची भरभराट, त्यामुळे कोणी त्या डोंगरावर खणलं, झाडं तोडली किंवा वरच्या बाजूला आपली कबर बांधली की तो थेट आपल्या नातवंडा-पतवंडांच्या नशिबावर घाला समजला जायचा. ड्रॅगन बोटींच्या शर्यतीत वल्ह्यांनी सुरू झालेली मारामारी भाल्यांपर्यंत जायची, आणि जत्रेत नाटक चालू असताना जागेवरून बाचाबाची तर नेहमीचीच.

पण हे निमित्त. खरा मुद्दा बहुतेक ठिकाणी असा की परिसरातलं पाणी, बाजार आणि नदी ओलांडायची होडी यावर हुकूम कोणाचा चालणार. मोठं कूळ लहान कुळांकडून 'संरक्षणाचे' पैसे घ्यायचं, बाजारात वजनकाटा त्यांचाच, होडीही त्यांचीच. एखाद्याने ते मोडलं की मग म्हैस वगैरे कारण पुरतंच.

एवढ्या लढाईला पैसा कुठून यायचा?

हा प्रश्न लोक कमी विचारतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसा यायचा पूर्वजांच्या नावाने ठेवलेल्या जमिनीतून. ती जमीन खंडाने द्यायची, येणाऱ्या भाताच्या उत्पन्नातून पूर्वजांची पूजा, वर्षातून एकदा सगळ्यांना डुकराच्या भाजलेल्या मटणाचा वाटा, हुशार पोरांच्या परीक्षांचा खर्च, हे मूळ हेतू. खूप चांगली गोष्ट होती ती, गरीब घरातला मुलगा त्यावर शिकू शकायचा. पण त्याच तिजोरीतून भाले, बंदुका, बारूद यायचं, भाडोत्री लढवय्ये आणले जायचे, आणि कोर्टकचेरीचा खर्चही तिथूनच.

मेलेल्याच्या घरच्यांना पैसे किंवा जमीन, शिवाय त्याच्या नावाची पाटी सभागृहात मानाने लावायची. ज्याला एरवी मुलगा नाही, जमीन नाही, मेल्यावर कोणी धूप लावणार नाही, अशा माणसासाठी पाटीचं हे आश्वासन किती मोठं असेल विचार करा. तिजोरी सांभाळणारे वडीलधारे मात्र स्वतः भाला घेऊन क्वचितच पुढे जायचे.

१७६६ मध्ये ग्वांगडोंगचा गव्हर्नर वांग जियान याने छियानलोंग बादशाहाला हेच लिहून कळवलं, की ही सामाईक जमीनच भांडणाला पैसा पुरवते, जी कुळं असं करतात त्यांची जमीन वाटून टाका. बादशाहाने मान्यही केलं. पण पूर्वजांच्या पूजेची जमीन मोडणं म्हणजे राज्य ज्या पितृभक्तीवर उभं आहे तिलाच हात लावणं, त्यामुळे जमिनी होत्या तशाच राहिल्या.

खून झाला तर फाशी कोणाला व्हायची?

इथे गोष्ट फार वाईट होते. बरेचदा ज्याने मारलं त्याला नाही. कुळातल्या एखाद्या गरीब माणसाला किंवा बाहेरच्या कंगालाला पैसे देऊन गुन्हा कबूल करायला लावायचे, तो मेला की त्याच्या बायकापोरांचं कूळ बघणार असा सौदा. कधी कधी तर लढाईला जायच्या आधीच ठरलेलं असायचं की सरकारने माणसं मागितली तर कोण कोण पुढे होणार. दोन्ही बाजूंचे मुडदे समोरासमोर मोजायचे, तुमचे चार आमचे सहा, म्हणजे दोनचे पैसे द्या, की मिटलं. मॅजिस्ट्रेटला कबुलीजबाब मिळाला म्हणजे त्याची फाइल बंद.

सरकार झोपलं होतं का?

झोपलं नव्हतं, हात पोचत नव्हता. एका जिल्ह्यात लाखो लोक आणि त्यावर एक मॅजिस्ट्रेट. त्यात नियम असा की अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमणूक नाही, म्हणजे तो बिचारा परमुलखातला, त्याला तिथली बोली कळायची नाही, सगळा भार खालच्या शिपाई-कारकुनांवर, आणि त्यांचं घर भांडणाच्या फीवर चालायचं. त्यामुळे भांडण मिटण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. सैन्य आलंच तर लढाई संपल्यावर यायचं, गावं जाळायचं, दंड वसूल करायचं आणि जायचं.

योंगझेंग बादशाहाने १७३४ मध्ये फुजियानच्या झांगझौ आणि छ्वानझौच्या लोकांना उद्देशून खास आज्ञापत्र काढलं की मारामाऱ्या सोडा. काही फरक पडला नाही. १८६९ नंतर ग्वांगडोंगच्या छाओझौ भागात जनरल फांग याओने गावोगाव सैन्य फिरवून जुने गुन्हे उकरले, शिरच्छेद केले, थकलेला सारा वसूल केला, त्याने काही वर्षं वचक बसला. तो स्वतः त्याच भागातला होता, त्यामुळे कोण कोणाचा हे त्याला माहीत होतं.

लहान कुळांनी काय करायचं मग?

एकत्र यायचं, आणि नातं नसेल तर नातं तयार करायचं! फुजियानच्या थोंगआनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ली, चेन, सू, झ्वांग, लिन अशी मोठी आडनावं 'बाओ' या एका आडनावाखाली एकत्र आली आणि किरकोळ आडनावांनी मिळून 'छी' हे आडनाव घेतलं. म्हणजे कागदावर नवीन कूळच. ग्वांगडोंगच्या कायफिंगमध्ये ल्यू, क्वान, झांग आणि झाओ या चार आडनावांनी तीन राज्यांच्या काळातल्या (तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या) ल्यू बेई, क्वान यू, झांग फेई आणि झाओ युन यांच्या भाईचाऱ्याचा आधार घेऊन स्वतःला एकमेकांचे भाऊ ठरवलं, आणि त्यांच्या संघटना आजही जगभरच्या चायनाटाउनमध्ये आहेत.

ग्वांगडोंगच्या हायफेंग-लुफेंगमध्ये तर आडनावंही मागे पडली, गावं लाल झेंडा आणि काळा झेंडा अशा दोन गटांत वाटली गेली. तुमचं गाव लाल म्हणजे शेजारचं काळं गाव तुमचं शत्रू, कारण कोणाला विचारू नका. १९२०च्या दशकात कम्युनिस्ट पुढारी फंग पाय तिथे शेतकरी संघटना बांधायला गेला तेव्हा त्याच्या पुढची पहिली अडचण जमीनदार नव्हताच, ही झेंड्यांची वैरं होती. दोन्ही झेंड्यांचे गरीब शेतकरी एकाच जमीनदाराला खंड भरत होते आणि तरी एकमेकांचे गळे धरत होते.

सगळ्यात मोठी लढाई कोणती?

पुंती-हाक्का युद्ध, १८५५ ते १८६७. पुंती म्हणजे मूळचे, कॅन्टनी बोलणारे. हाक्का म्हणजे 'पाहुणे लोक', नंतर डोंगराळ भागातून येऊन पडीक जमिनीवर वसलेले, बरेचसे पुंती जमीनदारांची जमीन खंडाने कसणारे. पाहुणे म्हणायचं आणि दीडशे वर्षं राहिले तरी पाहुणेच म्हणायचं, यातच सगळं आलं.

१८५४ मध्ये ग्वांगडोंगमध्ये लाल फेटेवाल्यांचा उठाव झाला. त्यात बरेच पुंती होते, सरकारने हाक्कांना हत्यारं देऊन उठाव मोडायला लावला, आणि मग त्याच हत्यारांनी जुने हिशोब चुकते व्हायला लागले. एका गावचं भांडण दुसऱ्या गावाला लागत लागत शिनिंग (आताचं ताइशान), कायफिंग, एनफिंग, हशान असे जिल्हेच्या जिल्हे पेटले. आता ही कुळाकुळांची मारामारी राहिली नव्हती, बोलीवरून माणसं मारली जात होती. लाखो मेले, बरेच ठिकाणी दहा लाखांपर्यंतचा आकडा दिला जातो. पकडलेल्या लोकांना मकावच्या दलालांना विकलं जायचं, तिथून जहाजाने क्युबाच्या उसाच्या मळ्यांत आणि पेरू देशात. शेवटी १८६७ मध्ये सरकारने मध्ये पडून हाक्कांसाठी शिनिंगमधून चिशी नावाचा वेगळा तालुका काढून दिला आणि उरलेल्यांना खर्ची देऊन ग्वांग्शी आणि आणखी लांब पाठवलं.

याच हाक्का-पुंती वैराचा ग्वांग्शीतला भाग बघितला तर छिंग सरकारविरुद्धचं मोठं थायफिंग बंडही नीट कळतं. त्या बंडाचा पुढारी हुंग श्योछ्वान स्वतः हाक्का होता आणि १८५० मध्ये त्याच्याकडे धावत आलेल्यांत ग्वांग्शीतल्या मारामाऱ्यांत घरदार गेलेले हाक्का भरपूर होते.

बायकांचं काय व्हायचं या सगळ्यात?

वर म्हटलं ना, सुना बाहेरून येतात. आणि बाहेरून म्हणजे कुठून, तर बैलगाडीच्या अंतरावरच्या शेजारच्या आडनावातून, म्हणजे ज्यांच्याशी उद्या पाण्यावरून वाजणार त्यांच्याकडूनच. तेव्हा एखाद्या सासुरवाशिणीचा नवरा भाला घेऊन निघालाय आणि समोरच्या रांगेत तिचा सख्खा भाऊ उभा आहे, ही स्थिती अपवादाची नव्हती. लढाई झाली की पुढचा नियम बहुतेक हाच की त्या गावाशी बेटीव्यवहार बंद, आणि तो शंभर-शंभर वर्षं पाळला गेलाय. आधी लग्न होऊन आलेल्या बाईचं माहेर तर एका दिवसात तुटायचं. वंशावळीच्या पोथ्यांत लढाईत मेलेल्या पुरुषांचे गुण गायलेले असतात, या बायकांचं तिथे फक्त माहेरचं आडनाव असतं. मला हे वाचताना दर वेळी थांबायला होतं.

रक्त न सांडता कोणी जिंकलंय का कधी?

हो, आणि माझं आवडतं उदाहरण हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधलं आहे. तिथली पाच मोठी कुळं म्हणजे तांग, हाउ, पांग, ल्यू आणि मान, त्यात तांग सगळ्यात आधी आलेले आणि सगळ्यात श्रीमंत. ताइपोचा बाजार सतराव्या शतकापासून तांगांच्या मालकीचा, दुसऱ्या कोणाला तिथे दुकान टाकू द्यायचे नाहीत. मान कुळाने शेजारच्या गावांना जमवलं, सात गटांचा करार केला आणि १८९२ मध्ये नदीच्या पलीकडे स्वतःचा नवा बाजारच बसवला. बाजाराच्या मध्यावर मान मो मंदिर बांधलं (मान मो म्हणजे विद्येचा आणि युद्धाचा देव, कुळाचं नाव नव्हे), तंटे तिथेच मिटवायचे. मग पूलही बांधला. गिऱ्हाईक तिकडे गेलं, पुढे रेल्वे आली ती नव्या बाजाराजवळ थांबली, आणि आज ताइपो मार्केट म्हणतात ते हेच. मंदिर अजून फू शिन रस्त्यावर आहे, जुनं स्टेशन आता रेल्वे म्युझियम झालंय.

बाहेरचा शत्रू आला तर ही कुळं एक व्हायची का?

१८९९ मध्ये झाली. ब्रिटिशांनी न्यू टेरिटरीज ९९ वर्षांच्या भाडेकरारावर घेतल्या तेव्हा एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी कुळं एकत्र येऊन एप्रिलमध्ये सहा दिवस लढली. तोफांपुढे भाले आणि जुन्या बंदुका, सुमारे ५०० गावकरी मेले असं मानतात. समोरच्या ब्रिटिश फौजेत हिंदुस्थानातून भरती केलेली हाँगकाँग रेजिमेंट होती, म्हणजे गोळ्या झाडणारे बरेच हात पंजाबी आणि पठाण शिपायांचे, हेही आपण माहीत करून घ्यायला हवं. कामटिनच्या तटबंदीवाल्या गावाचा लोखंडी दरवाजा गव्हर्नर ब्लेकने आयर्लंडला नेला, तो १९२५ मध्ये परत आला आणि आजही तिथे लावलेला आहे.

तैवानमध्ये वेगळं काय होतं?

तिथे आडनावापेक्षा मूळ गाव महत्त्वाचं, कारण लोक नवीन होते, कुळं अजून तयार व्हायची होती. झांगझौवाले विरुद्ध छ्वानझौवाले, होक्लो (दक्षिण फुजियानची बोली बोलणारे) विरुद्ध हाक्का. तायपेईच्या बांगकामध्ये १८५३ मध्ये छ्वानझौवाल्यांमध्येच बंदराच्या धंद्यावरून पेटलं, थोंगआनचे लोक हरले, आपला नगरदेव पाठीवर घेऊन नदीच्या खालच्या बाजूला दादाओछंगला गेले. पुढे बांगकाचं बंदर गाळाने भरलं आणि चहाच्या व्यापारावर दादाओछंग मोठं झालं. जिंकलेले मागे पडले!

कीलुंगचं मात्र वेगळं. तैवानच्या उत्तरेच्या या बंदरात १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला झांगझौ-छ्वानझौमध्ये मोठी मारामारी होऊन खूप माणसं मेली, हाडं एकत्र करून पुरली, आणि मग जाणत्या लोकांनी ठरवलं की इथून पुढे गावावरून गट नाहीत. १८५५ पासून सातव्या चांद्र महिन्यातला भुतांचा सण आडनावांनी पाळीपाळीने करायचा. ११ आडनाव-गट, एक वर्ष एकाचं यजमानपद, आणि चढाओढ काय करायची ती मिरवणुकीत, देखाव्यांत करा. डोकी फोडण्यापेक्षा मिरवणुका भिडवा, असं तिथे म्हणतात. आडनावांनी पाळी लावल्यामुळे एकाच गटात झांगझौचेही आले आणि छ्वानझौचेही. दर वर्षी महिन्याच्या पहिल्या दिवशी त्या मेलेल्यांच्या मंदिराचं दार उघडून सण सुरू होतो, अजूनही.

परदेशात गेल्यावर तरी थांबलं का?

नाही. सिंगापूरमध्ये मे १८५४ मध्ये पाच कट्टी (सुमारे तीन किलो) तांदळाच्या भावावरून होक्किएन (फुजियानचे) आणि तेओचू (छाओझौचे) यांच्यात सुरू झालं, दहा दिवसांहून जास्त चाललं, ४०० च्या आसपास माणसं मेली. मलायात लारूतच्या कथलाच्या खाणींवरून हाय सान आणि घी हिन या गटांची युद्धं १८६१ पासून १८७४ पर्यंत, ती मिटवायच्या निमित्ताने ब्रिटिशांनी पांगकोरचा करार करून पेराकमध्ये पाय रोवला.

अमेरिकेतली 'तोंग वॉर' म्हणजे हेच?

नाही. तोंग म्हणजे शपथेवर चालणाऱ्या गुप्त टोळ्या, तिथे आडनाव बघत नसत. कधी कधी मात्र मोठ्या कुळांच्या दबावाला कंटाळलेले लहान आडनावांचे लोकच तोंगमध्ये जायचे, तेवढा धागा आहे.

चढाओढीतून काही चांगलं उभं राहिलं का?

कायफिंगच्या चिकान गावी जा. एका बाजूला सितू कूळ, दुसऱ्या बाजूला क्वान कूळ, मध्ये शतकांची चुरस. १९२०च्या दशकात सितूंनी परदेशातल्या भाऊबंदांच्या पैशातून मोठी लायब्ररी बांधली, वर घड्याळाचा मनोरा. क्वानांना राहवेना, त्यांनीही काही वर्षांत आपली लायब्ररी बांधली, घड्याळासकट. दोन्ही इमारती अजून उभ्या आहेत. एका गावाला दोन लायब्रऱ्या, मला तर याचं फार कौतुक वाटतं. (त्याच तालुक्यातले टेहळणीचे बुरूज २००७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, ते मुख्यतः दरोडेखोरांसाठी आणि पुरासाठी बांधलेले.)

कम्युनिस्ट आल्यावर हे संपलं का?

१९५० च्या आसपास जमीन सुधारणेत कुळांच्या सामाईक जमिनी काढून घेऊन वाटल्या, म्हणजे वांग जियान जे म्हणत होता ते जवळजवळ दोनशे वर्षांनी झालं. सभागृहांच्या शाळा झाल्या, धान्याची कोठारं झाली. सांस्कृतिक क्रांतीत वंशावळी जाळल्या, काही लोकांनी त्या भिंतीत, माळ्यावर लपवून वाचवल्या. पण गावं तीच, शेजारी तेच, पाटही तोच. १९७८ नंतर सभागृहं परत बांधली गेली आणि १९८० आणि ९० च्या दशकांत ग्वांगडोंग, हायनान, हुनान, जियांग्शीमध्ये गावठी बंदुका घेऊन पुन्हा मारामाऱ्या झाल्या.

आणि आत्ता?

पूर्वीसारखं नाही. तरुण पोरं शहरात कारखान्यात, गावात म्हातारे आणि लहान मुलं, लढणार कोण. २०१८ ते २०२० च्या गुन्हेगारीविरोधी मोहिमेत सरकारने गावातली कुळांची दादागिरीही निशाण्यावर घेतली. आणि फुजियान-ग्वांगडोंगमधल्या काही गावांनी जुनी बेटीबंदी जाहीरपणे उठवली, दोन्हीकडचे वडीलधारे समोरासमोर आले, फटाके वाजले, जेवणावळी झाल्या. त्याआधी किती जणांनी प्रेम असूनही लग्न केलं नसेल.

मुंबईत याचं काही बघायला मिळतं का?

मारामारीचं नाही, माणसांचं मिळतं. माझगावला नवाब टँक रोडवर 'सी यप कून' नावाचं चिनी मंदिर आहे, १९१९ मध्ये बांधलेलं. सी यप म्हणजे चार तालुके: शिनिंग, शिनहुई, कायफिंग, एनफिंग. शिनहुई सोडून बाकीची तीन नावं वर पुंती-हाक्का युद्धात आलीच. तिथून निघालेली माणसं गोदीच्या कामावर, जहाजांवर मुंबईपर्यंत आली, आणि परमुलखात सोबत म्हणून त्यांनी मंदिराला नाव दिलं ते एका आडनावाचं नव्हे, चारही तालुक्यांचं. देव आहे क्वान कुंग, म्हणजे तोच क्वान यू, शपथेने झालेल्या भावांतला. गेलात तर जिना चढून वर जा, चिनी नववर्षाला गर्दी असते, एरवी शांत असतं.